मल्लेशम काकांची सही

आमच्या संग्रहालयात 'वस्तूंना हात लावू नये' अशा पाट्या किती आहेत ते मी कधी मोजलं नाही, पण मल्लेशम काकांच्या तोंडून ते वाक्य सात वर्षांत एकदाही ऐकलं नाही. वरच्या मजल्यावर कापडांचं दालन आहे, तिथे ते राखणीला होते. कुणी दाराशी आलं की आधी विचारायचे, "कुठनं आलासा?" आणि उत्तर यायच्या आत खिशातून एक लाकडी धोटा काढून त्याच्या हातात द्यायचे. मागावर आडवा धागा इकडून तिकडे नेतो तो धोटा, वापरून वापरून काळा झालेला. लोक तो उलटसुलट करून बघत, टोकाचं पितळ चाचपत आणि तसाच हातात धरून सगळं दालन फिरून येत. जाताना काका तो परत घेत.

मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "हातात कायतरी असलं की माणूस दुसरीकडं हात घालत न्हाय, अक्का."

मी खाली तिकिटाच्या खिडकीवर बसते. दुपारनंतर कार्यालयातलं टंकलेखनही माझ्याकडेच. वयानं मी त्यांच्या मुलीएवढी, तरी ते मला अक्काच म्हणायचे. शहराच्या पूर्वभागातल्या तेलुगू विणकरांच्या घरातली ती रीत. त्यांची चाळीस वर्षं मागावर गेलेली. उजवा खांदा उतरलेला, आणि मागांच्या खडखडाटानं कान अर्धे गेलेले. त्यामुळे बोलणाऱ्याच्या तोंडाकडे टक लावून ऐकायचे. नवख्या माणसाला वाटायचं, हा आपल्यावर नजर ठेवून आहे. प्रत्यक्षात ते फक्त ऐकत असायचे. घरात तेलुगू, शेजारात दखनी, बाजारात कन्नड आणि कामावर मराठी, असा त्यांचा दिवस चार भाषांत विभागलेला. इंग्रजी मात्र 'ओके'च्या पुढे नव्हतं. सही तेलुगूत करायचे. ती गोल गोल सही पगाराच्या कागदावर वेगळी उठून दिसायची.

माग विकले गेले होते. बायको विड्या वळायची. त्रेसष्टाव्या वर्षी त्यांना दुसरं काम कोण देणार होतं? आमच्याकडची नोकरी ठेकेदारामार्फत, दर अकरा महिन्यांनी नवा कागद, आणि तो कागद साहेबांच्या शेऱ्यावर. म्हणून शेऱ्याचा महिना आला की काका डबासुद्धा नीट खात नसत. एवढी वर्षं झाली तरी त्यांची ती भीती काही गेली नव्हती.

आता आमच्याबद्दल सांगते. सांगायला बरं वाटत नाही, पण सोडून देऊन चालणार नाही. मंद्रूप, वळसंग अशा जवळच्या गावांहून माणसं दवाखान्याच्या किंवा कोर्टाच्या कामाला शहरात येतात. नंबर लागायला वेळ असला की सावलीला म्हणून संग्रहालयात शिरतात. त्यांच्याशी आम्ही कसं बोलायचो? "पुढं व्हा. पिशवी इथं ठेवा. पान खाल्लंय का?" आणि गॉगल डोक्यावर चढवलेलं कुणी इंग्रजीत दोन शब्द बोललं की मीच खुर्चीतून अर्धी उठायची. शिपाई पुढे धावायचा, दिवे लावायचा. शपथेवर सांगते, गावच्या लोकांसाठी आम्ही पंखेसुद्धा लावत नसू. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. मी मराठी शाळेत शिकलेली, इंग्रजी रडतखडत कमावलेलं, आणि कमावलेल्या गोष्टीचा माज जरा जास्तच असतो.

काकांचं उलटं होतं. त्यांना इंग्रजी बोलणाऱ्यांची भीती वाटायची. तसं कुणी आलं की ते भिंतीला लागून उभे राहत. पण मांडीपर्यंत धोतर खोचलेला धनगर म्हातारा जिना चढून आला की त्यांचा खांदा सरळ व्हायचा. एकदा सांगोल्याकडचा असाच एक म्हातारा घोंगडीसमोर थबकला. खाली इंग्रजीत पाटी होती. म्हाताऱ्यानं विचारलं, "काय ल्हिवलंय हो?"

काका जिन्याच्या तोंडाशी आले आणि वरून मलाच हाक मारली. मी जाऊन वाचलं आणि अर्थ सांगितला. 'लोकरीचं वस्त्र, धार्मिक विधींसाठी वापर, विणकर अज्ञात.'

"धार्मिक कुठलं," म्हातारा म्हणाला. "पावसात मेंढरामागं डोस्क्यावर घेतो की आमी."

"आणि विणकर?" काकांनी विचारलं.

म्हाताऱ्यानं घोंगडीची किनार लांबूनच न्याहाळली आणि विणणाऱ्याचं गाव सांगितलं, आळीसुद्धा सांगितली. काका माझ्याकडे वळून म्हणाले, "लिवा अक्का. अज्ञात म्हणं." मी लिहून घेतलं. तो कागद माझ्या खणात पडून राहिला, कारण तेवढ्यात नवे साहेब आले.

साहेब पुण्याचे, पस्तिशीतले. माणूस वाईट नव्हता, हे मी आजही म्हणते. जुन्या कापडावर त्यांचा खरा जीव होता. दमट हवेनं रेशीम कसं मरतं हे सांगताना त्यांचा आवाज बदलायचा. त्यांनी पाट्या बदलल्या, दिवे बदलले, वरच्या साड्या काचेतून काढून मोकळ्या टांगल्या. बाहेरच्या देशात आता असंच करतात म्हणे. दालनात कॅमेरे बसवले आणि त्यांच्यावर लक्ष ठेवायला खाली एक पहारेकरी. कानाला लावून ऐकायची यंत्रं आणली, त्यात इंग्रजीतून सगळी माहिती. मराठीचं 'पुढच्या टप्प्यात' होतं. आणि हुकूम काढला, की कर्मचाऱ्यांनी पाहुण्यांना माहिती सांगायची नाही. चुकीची माहिती जाते. यंत्र सांगेल.

दोन दिवस काकांनी हुकूम पाळला. तिसऱ्या दिवशी कामानिमित्त वर गेले तर त्यांनी यंत्र गळ्यात अडकवलेलं, कानात बोंडं घातलेली, आणि समोर वळसंगच्या सहा बायका. काका मधेच थांबून, मान डोलवून यंत्र ऐकत आणि मग सांगत, "आता ह्यो म्हनतोय, ह्या पदराला लई दिस लागले. दोन माणसं लागतात म्हनतोय. एकजण विणतो, एकजण वरची दोरी ओढतो." बायका यंत्राकडे आदरानं बघत होत्या. एकीनं विचारलं, "त्यो मराठीत बोलतोय व्हय?" काका म्हणाले, "मला कळंल असं बोलतोय."

साहेब जिन्यात उभे राहून बघत होते हे मला दिसलं, काकांना नाही. साहेब पुढे झाले आणि यंत्र हातात घेऊन पाहिलं. ते चालूच केलेलं नव्हतं. बायकांसमोर ते काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त यंत्र चालू केलं आणि काकांच्या गळ्यात परत घातलं. काका ते तसंच कानात घेऊन उभे राहिले, न कळणारं ऐकत, आणि बायका काही वेळ वाट पाहून खाली उतरल्या. संध्याकाळी साहेबांनी माझ्याकडे काकांची फाईल मागितली.

शेऱ्याला दोन महिने राहिले होते. काकांनी त्यानंतर दालनात तोंड उघडलं नाही. धोटा तेवढा देत राहिले.

मग तो मंगळवार आला. बचत गटाच्या बायकांबरोबर पूर्वभागातली एक म्हातारी आली होती, नरसम्मा. पाठीत वाकलेली, पण डोळे तल्लख. बाकीच्या बायका पुढच्या दालनात गेल्या आणि ही त्या मोकळ्या टांगलेल्या जुन्या रेशमी साडीपाशी रेंगाळली. काका त्या वेळी खाली पाणी प्यायला आले होते, माझ्या खिडकीशेजारीच उभे होते. विणकराच्या घरात कापड कधी सुलट बाजूनं बघत नाहीत. सुलट बाजू गिऱ्हाईकासाठी. हाताखालचं काम कसं आहे ते उलट्या बाजूला कळतं. नरसम्मानं आपल्या घरी जन्मभर केलं तेच केलं. दोन बोटांनी पदराचं टोक उचललं आणि उलटून बघितलं.

कॅमेऱ्यावर बसलेल्या पहारेकऱ्यानं ते पाहिलं. तो वर धावला आणि लांबूनच इंग्रजीत ओरडला. म्हातारीला काय कळणार? ती दचकली, पण बोटं तशीच राहिली. त्यानं जाऊन तिचा हात धरला आणि मागे ओढला.

पदराच्या काठापाशी चार बोटांची चीर.

काका वर जाऊन पदर बघून येईपर्यंत तिला खाली कार्यालयात आणून बसवलं होतं. ती खुर्चीच्या टोकावर बसली होती, हात मांडीखाली दाबून. साहेब इंग्रजीत पहारेकऱ्याशी बोलत, मग हिंदीत तिच्याशी. ती तेलुगूत उत्तर देई, तेच दोन शब्द पुन्हा पुन्हा. तिच्याबरोबरच्या बायका दाराबाहेर अडवलेल्या. साहेबांचा चेहरा पांढरा पडला होता. ती साडी फाटली याचं त्यांना मनापासून दुःख झालं होतं आणि म्हणूनच ते ऐकण्याच्या पलीकडे गेले होते. "पोलिसांत द्यावं लागेल," ते मला म्हणाले. "विश्वस्तांना काय सांगू? फोन लावा."

मी फोन उचलला. खरंच उचलला.

तेवढ्यात काका दारात आले. विचारल्याशिवाय साहेबांच्या खोलीत पाऊल टाकलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. ते नरसम्माच्या तोंडाकडे बघत खाली वाकले, ऐकलं आणि म्हणाले, "ती म्हणती, फकस्त बघितलं. पाठ बघितली."

"मग फाटलं कसं?" साहेब म्हणाले.

काका सरळ उभे राहिले. "साहेब," ते म्हणाले, "ते आधीच फाटलेलं. मागच्या साली. मी जोडलेलं."

आम्ही सगळे वर गेलो. काकांनी दोन्ही तळहातांवर पदर घेतला आणि उलटा केला. उलट्या बाजूला, चिरेच्या दोन्ही कडांना, मोहरीपेक्षा बारीक गाठी. इतक्या बारीक की साहेबांनी भिंग मागवलं. "ही गाठ आमच्या घरातली," काका म्हणाले. "काचेत होती तवा वरच्या धाग्याला वाळवी... न्हाय, कसर लागलेली. मी तवा सांगितलं होतं, कुणी आलं न्हाय. रोज दिसायचं. तुटलेला धागा दिसला की मला ऱ्हावत न्हाय. काचेची किल्ली माझ्याकडंच. दुपारी दालन मोकळं असायचं, तवा जोडला. आज हात वढल्यावर गाठींमधला धागा तुटला. म्हातारीचा दोष न्हाय."

साहेब बराच वेळ भिंगातून पाहत राहिले. मग म्हणाले, आणि त्यांचा आवाज चढला नव्हता, "तुम्हाला माहीत आहे का तुम्ही काय केलंत? नवा धागा मजबूत असतो. तो जुन्या रेशमाला कापतो. हळूहळू."

"व्हय, कापतो," काका म्हणाले. "म्हणून नवा घेतलाच न्हाय. माझ्या आईच्या लग्नातली साडी होती. तेवढीच जुनी. तिचा काढला."

साहेबांनी भिंग खाली ठेवलं. क्षणभर मला वाटलं, आता हे काहीतरी विचारतील. कुठली साडी, कसा काढला धागा, दाखवा. एवढं विचारलं असतं तर सगळंच वेगळं झालं असतं, असं मला अजून वाटतं. पण त्यांनी घड्याळाकडे पाहिलं आणि मला म्हणाले, "यांचा जबाब तयार करा. मी सांगतो तसा. पाचला विश्वस्तांना कळवायचंय, त्याच्या आत सही झाली तर बाईंना सोडू. नाहीतर मला तक्रार करावीच लागेल."

मी टंकायला बसले. साहेब इंग्रजीत सांगत होते. सात वाक्यं झाली. सहावं वाक्य असं होतं, की मी संग्रहालयाच्या मौल्यवान वस्तूचं नुकसान केलं आहे आणि ते मला मान्य आहे. माझी बोटं तिथे थांबली. "काही अडचण?" साहेबांनी विचारलं. मी नाही म्हणाले.

काका बाहेर बाकावर बसले होते, नरसम्मा शेजारी. तिला कुणीतरी पाणी दिलं होतं, पण ती प्याली नव्हती. पाचला दहा मिनिटं कमी होती. पहारेकरी दारात उभा. मी कागद आणि पेन पुढे केलं.

"वाचा, अक्का," काका म्हणाले.

मी एकेक वाक्य मराठीत करून सांगू लागले. ते माझ्या तोंडाकडे टक लावून ऐकत होते. मी अमुक ठिकाणी कामाला आहे. मला कुणी सांगितलं नव्हतं. मी माझ्या मनानं धागा जोडला. बाईंचा यात दोष नाही. पुन्हा असं करणार नाही. पाच वाक्यं झाली आणि सहावं आलं. मला एवढंच कळत होतं, की चाळीस वर्षं कापड विणलेला हा माणूस 'मी कापड नासवलं' याच्याखाली सही करणार नाही. वाद घालेल, पाच वाजतील, फोन लागेल. मांडीखाली हात दाबलेली ती म्हातारी चौकीत जाईल. मी सहावं वाक्य गाळलं आणि सातवं वाचलं, की हे मी समजून-उमजून लिहून देत आहे.

"एवढंच?" त्यांनी विचारलं.

"एवढंच," मी म्हणाले.

त्यांनी गुडघ्यावर कागद ठेवून गोल गोल सही केली. नरसम्माला घेऊन ते फाटकापर्यंत गेले, रिक्षात बसवलं, परत आले, आणि वरचं दालन बंद करून किल्ली माझ्या खिडकीत ठेवली. "उद्या येतो," म्हणाले. दुसऱ्या दिवशी ठेकेदारानं दुसरा माणूस पाठवला. त्याला इंग्रजी येतं. पाहुण्यांच्या मागे मागे तो चार हात अंतर ठेवून फिरतो.

पाच-सहा महिने गेले. मी त्यांच्या घरी जाऊन येईन म्हणायची आणि जायची नाही. पत्ता ठाऊक होता, रिक्षानं वीस मिनिटांची वाट. नाही गेले. लाज वाटत होती आणि ती लाज मी रोजच्या कामात घालवत होते.

एका दुपारी खिडकीसमोर सावली पडली. मी वर न बघता विचारलं, "किती?"

"अक्का, मी हाय."

ते वाळले होते. अंगात स्वतःचा सदरा, गणवेश नाही. तिकिटासाठी आले नव्हते. त्यांनी घडी केलेला एक कागद खिडकीच्या फटीतून आत सरकवला. मी उघडायच्या आधीच ओळखला. एका दवाखान्यात रात्रपाळीच्या राखणीला जागा होती. तिथे जुन्या कामाचा कागद मागितला. ठेकेदारानं त्या जबाबाची ही नक्कल दिली. दवाखान्यातल्या मुलीनं वाचली आणि ती जागा दुसऱ्याला दिली. हे सगळं त्यांनी चार वाक्यांत सांगितलं.

"वाचा," ते म्हणाले. "सगळं."

मागे रांग होती. मी वाचलं. पहिलं, दुसरं, तिसरं. ते काचेपलीकडून माझ्या ओठांकडे बघत होते, पूर्वी बघायचे तसेच. सहावं वाक्य आलं. मी त्याचा एकही शब्द न सोडता अर्थ सांगितला. मग सातवं.

"त्या दिवशी हे होतं का ह्यात?"

"होतं."

त्यांनी मान हलवली. रागावतील, निदान आवाज चढवतील, असं मला वाटत होतं. तसं झालं असतं तर बरं झालं असतं.

"म्हातारीसाठी केलं तुमी. ते कळतंय मला," ते म्हणाले. कागद त्यांनी परत मागितला, मी दिला. तो चौघडी करत ते पुढे म्हणाले, "पर मला विचारायचं की, अक्का. मी सही केलीच असती."

मागच्या माणसानं पुढे सरकायला सुरुवात केली. काका बाजूला झाले, त्याला जागा करून दिली. तो माणूस मंद्रूपकडचा असावा, बरोबर बायको आणि हातात एक्स-रेचं पाकीट. त्यानं काकांना विचारलं, आत बघण्यासारखं काय आहे. काकांनी वरच्या मजल्याकडे पाहिलं. काहीतरी सांगायला तोंड उघडलं, मग माझ्याकडे बोट केलं आणि म्हणाले, "मला न्हाय ठावं. त्यांना इचारा." आणि पायऱ्या उतरून गेले.